एक नट आणि तीन गुरुजी

स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठीं पात्रांची निवड सुरू झाली कीं, दरवर्षीं आम्हांस एकच अनुभव येतो. राजाचें काम मागणारे दहा विद्यार्थी पुढें येतात. म्हाताऱ्या कारकुनाचें काम घेण्यास एकहि पुढें येत नाहीं. नायक तोच मोठा, बाकीचे सारे त्याच्या मागें उभे राहणारे, अशी बालमनाची समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, हें एका थोर नटाच्या चरित्रावरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जो नट प्रत्येक वेळीं निराळाच मनुष्य होऊन प्रेक्षकांपुढें येतो, त्यास चरित्रनट म्हणतात. दाढी, पगडी व रंग हीं त्याचीं बाह्य साधनें होत. खरें काम चाल, आवाज आणि नजर यांनीं होतें. वृद्धाची भूमिका करणें म्हणजे केवळ वांकून चालणें नव्हे. खुर्चीवरून उठण्यापूर्वीं वृद्ध मनुष्य क्षणभर थांबतो. तें थांबणें ज्यास साधलें, त्यास भूमिका साधली.

डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजीं सातारा येथें झाला. पुण्यांत वैद्यकीचें शिक्षण घेऊन ते कान, नाक व घसा यांचे शस्त्रवैद्य झाले. पुण्यांत आणि आफ्रिकेंतील टांझानिया देशांत त्यांनीं व्यवसाय केला. हा व्यवसाय चालू असतांहि पुण्याची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन व मुंबईची ‘रंगायन’ या संस्थांच्या नाटकांत ते हौसेनें कामें करीत. अखेर १९६९ सालीं, वयाचीं ४० वर्षें उलटल्यावर, वैद्यकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले. वसंत कानेटकरांचें ‘इथें ओशाळला मृत्यू’ हें या नव्या आयुष्यांतील त्यांचें पहिलें नाटक.

पुढच्याच वर्षीं, २३ डिसेंबर १९७० रोजीं, वि. वा. शिरवाडकर यांचें ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलें. सर्वस्व मुलांच्या हवालीं करून शेवटीं बेघर होणारा वृद्ध नट अप्पासाहेब बेलवलकर लागूंनीं उभा केला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें ४३ होतें! पुढें ही भूमिका इतर नामवंत नटांनींहि केली. तथापि तिची पहिली मूर्ति घडविण्याचा मान लागूंचाच.

आम्ही शिक्षक असल्यामुळें त्यांच्या तीन भूमिकांकडे आमचें लक्ष विशेष जातें; कारण त्या तिन्ही अध्यापकांच्या आहेत. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटांतील मास्तर गांव सुधारावयास निघतो आणि स्वतःच मोहांत पडतो. गांव त्यास मेलेला समजून देवाप्रमाणें मानूं लागतें, आणि तो मात्र जिवंतपणीं धुळीस मिळतो. त्याच वर्षीं आलेल्या ‘हिमालयाची सावली’ या नाटकांतील प्राध्यापक नानासाहेब भानू स्त्रीशिक्षणासाठीं देह झिजवितात, आणि त्याची किंमत घरच्या माणसांस मोजावी लागते. डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’ चित्रपटांतील मास्तर दारूनें खचलेला आहे. तरी नाहींशा झालेल्या एका गरीब माणसाविषयीं तो बलाढ्य हिंदुराव पाटलास प्रश्न विचारावयाचें सोडीत नाहीं. पाटलाच्या भूमिकेंत निळू फुले होते. हा चित्रपट १९७५ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत दाखविला गेला.

एक पडलेला, एक झिजलेला, एक खचलेला. परंतु एका गुरुजींची सांवली दुसऱ्यावर पडत नाहीं. यासच आम्ही बहुरूपित्व म्हणतों. याच नटानें ‘सिंहासन’ (१९७९) मध्यें धूर्त मंत्री रंगविला, ‘घरौंदा’ (१९७७) या हिंदी चित्रपटांतील प्रौढ मालकाच्या भूमिकेबद्दल फिल्मफेअर पारितोषिक मिळविलें, आणि ‘गांधी’ (१९८२) या इंग्रजी चित्रपटांत नामदार गोखले साकारले. त्यांच्या चित्रपटांची संख्या शंभराहून अधिक आहे. १९७४ सालीं त्यांस ‘पद्मश्री’ मिळाली. ‘लमाण’ हें त्यांचें आत्मचरित्र. १७ डिसेंबर २०१९ रोजीं वयाच्या ९२ व्या वर्षीं पुण्यांत त्यांचें निधन झालें.

आतां पालकांस दोन शब्द. कांहीं वर्षांपूर्वीं एका मुलास आम्हीं नाटकाचा नाद सोडून अभ्यासास लागण्याचा उपदेश केला. त्यानें नाटक सोडलें. अभ्यास मात्र होता तेथेंच राहिला, आणि वर्गांतील त्याचें हांसणें तेवढें थांबलें. आमचा उपदेश चुकला असें आज वाटतें. त्याचबरोबर विद्यार्थ्यांसहि सांगणें आहे कीं, लागूंनीं शिक्षण अर्धवट टाकलें नाहीं. वैद्यकी पूर्ण केली, रुग्ण तपासले, आणि मग पूर्ण विचारांतीं मार्ग बदलला. कंटाळून सोडणें वेगळें आणि अधिक कष्टाचें कांहीं धरण्यासाठीं सोडणें वेगळें. मुलगा यांपैकीं काय करीत आहे, हें रागावण्यापूर्वीं शांतपणें पाहणें आपणां वडीलमंडळींचें कर्तव्य आहे.

पुढील संमेलनाच्या नाटकांतहि एक म्हातारा कारकून आहेच. त्याचें काम मागावयास कोण येतो, याची आम्ही वाट पाहत आहों.