विलिस्टन : तेलाची भरती आणि निवाऱ्याची टंचाई

अमेरिकेच्या उत्तर सीमेलगतच्या नॉर्थ डकोटा राज्यात, मिसुरी नदीच्या आसमंतात, विलिस्टन नावाचे शहर आहे. गहू, गुरे आणि रेल्वे यांच्या आधाराने वाढलेल्या या गावाची लोकसंख्या २०१० च्या शिरगणतीत १४,७१६ भरली आणि २०२० मध्ये ती २९,१६० झाली. दशकभरात गाव जवळजवळ दुपटीला पोहोचले, एवढे या दोन आकड्यांवरून कळते; परंतु मधल्या काळात जी माणसे येथे आली, मोटारींत, ट्रेलरांत आणि चर्चच्या फरशीवर निजली, आणि पुढल्या शिरगणतीपूर्वीच निघून गेली, त्यांचा दाखला या दप्तरात मिळत नाही. त्या काळाचा इतिहास बहुधा तेलाच्या पिंपांच्या हिशेबाने सांगितला जातो. येथे तो निवाऱ्याच्या अंगाने पाहावयाचा आहे.

या भूमीत तेल प्रथम लागले ते ४ एप्रिल १९५१ रोजी, टायोगा गावाजवळील क्लेरेन्स आयव्हर्सन नामक शेतकऱ्याच्या रानात. तेव्हाची भरभराट ओसरली आणि सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस, जगभर तेलाचे भाव कडाडले तेव्हा, दुसरी लाट आली. या वेळी विलिस्टनच्या कारभाऱ्यांनी येणाऱ्या वस्तीच्या भरवशावर शहराबाहेर भूखंड पाडले, रस्ते आखले, जलवाहिन्या व गटारे घातली आणि त्यांसाठी कर्ज उभारले. पण ऐंशीच्या दशकात भाव कोसळताच बांधकामदार पाय काढून गेले, भूखंड ओसाड राहिले आणि कर्जफेडीचा बोजा मूळच्या रहिवाशांच्या माथी पुढे वर्षानुवर्षे राहिला. या अनुभवाने शहराला जी सावधगिरी शिकवली ती अनाठायी नव्हती, आणि तरीही तिसऱ्या लाटेच्या वेळी जो अनर्थ झाला त्याचे बीज काही अंशी तिच्यातच होते.

बाकेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे दोन मैल खोल असलेल्या खडकाच्या थरात तेल आहे, हे भूशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. पण विहीर आडवी वळवून, पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने सोडून तो खडक फोडण्याचे तंत्र साधेपर्यंत ते तेल असून नसल्यासारखेच होते. २००६ मध्ये याच राज्यातील पार्शल येथील तेलक्षेत्र हाती लागले. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने या थरातून ३ ते ४.३ अब्ज पिंपे तेल निघू शकेल असा अंदाज वर्तविला. आणि त्याच वर्षी उर्वरित देशात मंदीने कारखाने व बांधकामे बंद पाडून लक्षावधी हातांना रिकामे केले. देशातील बेकारीचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले असता एका कोपऱ्यात मालमोटार चालवणाऱ्याला आणि विहिरीवर राबणाऱ्याला दामदुप्पट मजुरी मिळते आहे, ही वार्ता पसरल्यावर आयडाहोपासून फ्लोरिडापर्यंतची माणसे गाडीत अंथरूण-पांघरूण टाकून विलिस्टनच्या वाटेला लागली, यात नवल नाही.

काम त्यांना आल्या दिवशी मिळे. जागा मिळत नसे. शहरातील खानावळवजा निवासगृहे कंपन्यांनी आगाऊ भाड्याने घेऊन ठेवली होती आणि घरांचा साठा, मागल्या कर्जाच्या धास्तीने न वाढल्यामुळे, जुन्या शेतकी गावाला पुरेल इतकाच होता. वॉलमार्ट दुकानाच्या मोटारतळावर ट्रेलरांची वस्तीच उभी राहिली. २०१२ च्या सुमारास ती उठवण्यात आली. ज्यांना जमले त्यांनी एखाद्या शेतकऱ्याच्या आवारात ट्रेलर उभा करण्यापुरती जागा मासिक शेकडो डॉलर मोजून घेतली. असा ट्रेलर उन्हाळी सहलीसाठी बनवलेला असतो आणि येथला हिवाळा उणे तीस अंशांपर्यंत उतरतो. म्हणून रहिवाशाला आधी ट्रेलरच्या पोटाखालून वारा शिरू नये यासाठी चहूबाजूंनी गवताचे भारे आणि फोमच्या लाद्या रचाव्या लागत, पाण्याच्या नळीभोवती विजेची तापणारी पट्टी गुंडाळावी लागे, आणि तरी एखाद्या रात्री वीज गेली की पहाटे नळी गोठलेली सापडे. शेगडीच्या उबेने व श्वासाने जमलेली वाफ आतल्या भिंतींवर बर्फ होऊन बसे. आणि बारा तासांची पाळी संपवून आलेल्या माणसाला निजण्यापूर्वी प्रोपेनची टाकी किती उरली आहे हे पाहावे लागे.

कंपन्यांच्या आश्रयाखालील मजुरांची सोय याहून बरी होती. शहराच्या परिसरात ‘मॅन कॅम्प’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हंगामी वसाहती उभ्या राहिल्या. लांबच लांब बोळ, दुतर्फा एकसारख्या चिंचोळ्या खोल्या, दोन खोल्यांत मिळून एक न्हाणीघर आणि सामायिक भोजनगृह, असा त्यांचा थाट असे. अन्न पोटभर होते, ऊब होती. मात्र मद्याला मनाई, पाहुण्याला मनाई, आणि बायकामुलांना तर प्रश्नच नव्हता. माणसाची झोप आणि जेवण यांचा चोख बंदोबस्त तेथे होता. पण नोकरी सुटली की छप्परही सुटे.

टंचाईचा खरा आघात मात्र पाहुण्यांइतकाच यजमानांवर झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये भाड्याच्या घरांची माहिती देणाऱ्या एका संस्थेच्या पाहणीत विलिस्टनमधील सातशे चौरस फुटांच्या, एका शयनगृहाच्या सदनिकेचे सरासरी मासिक भाडे २,३९४ डॉलर भरले. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को या नगरांनाही त्याने मागे टाकले. तेलाच्या पगारात ते परवडत असे. परंतु वार्धक्यवेतनावर जगणारी विधवा, शाळेतील शिक्षक, पोलीस शिपाई आणि दुकानातील कारकून यांचे उत्पन्न तेलाच्या भावाबरोबर चढत नव्हते. अनेक वृद्धांनी आयुष्य जेथे घालवले ते गाव सोडले, आणि शिक्षकांसाठी शाळांनाच घरे बांधण्याची तजवीज करावी लागली. फोर्ट बर्थोल्ड या मूलनिवासींच्या राखीव प्रदेशात तर दैवदुर्विलास असा की, मॅन्डॅन, हिडाट्सा आणि अरिकारा या ज्या जमातींची सुपीक खोरी पन्नाशीच्या दशकात गॅरिसन धरणाच्या पाण्याखाली गेली, त्यांच्यातील काही कुटुंबांना आता न्यू टाउन येथील ट्रेलरवस्तीतूनही, तेलासाठी येणाऱ्यांना जागा हवी म्हणून, उठावे लागले.

विलिस्टनमधील कॉन्कॉर्डिया लूथरन चर्चचे पाद्री जे राइन्के यांनी आलेल्या निराश्रितांना चर्चमध्ये निजू दिले आणि आवारात गाड्या उभ्या करू दिल्या. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, नगरप्रशासनाने नियमांवर बोट ठेवले, आणि २०१३ मध्ये हा आश्रय बंद झाला. जेसी मॉस यांचा ‘द ओव्हरनाइटर्स’ हा अनुबोधपट त्याच प्रकरणावर आहे. शेजाऱ्यांना सर्वस्वी निर्दय म्हणता येणार नाही. ज्या गावात दाराला कुलूप लावण्याची सवय नव्हती, तेथे अनोळखी पुरुषांचा लोंढा आल्यावर मनात भय दाटणे स्वाभाविकच. परंतु ज्या हातांवाचून विहिरी चालल्या नसत्या, त्यांना रात्रीपुरतेही आपले म्हणण्यास शहर राजी नव्हते, ही वस्तुस्थिती त्या भयाने झाकली जात नाही.

एप्रिल २०१४ मध्ये राज्याचे उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांवर गेले. तोवर राज्याने घरबांधणीस साहाय्य करणारा निधी स्थापिला होता, शहराचाही धीर चेपला होता, आणि बांधकामांचा सपाटा सुरू झाला होता. घरे तयार होऊ लागली, आणि नेमका तेव्हाच बाजार बसला : २०१४ च्या मध्यास शंभर डॉलरच्या वर असलेले पिंप २०१६ च्या आरंभी तिसाच्या खाली आले. मजूर परतले, भाडी निम्म्याहून खाली घसरली, नव्या इमारतींच्या खिडक्या अंधारात राहिल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये नगरप्रशासनाने पुढील वर्षी मॅन कॅम्प बंद करण्याचा ठराव केला. ज्या वसाहतींना घरे नाहीत म्हणून परवाने दिले होते, त्या आता घरे रिकामी पडतात म्हणून नकोशा झाल्या, आणि हे भांडण न्यायालयापर्यंत गेले.

या साऱ्या घटनाक्रमाचा मथितार्थ माझ्या मते एवढाच की, विहीर काही आठवड्यांत खोदली जाते, तर घराचा हिशेब तीस वर्षांचा असतो, आणि या दोन मुदतींतील अंतर कोणाला तरी सोसावेच लागते. ऐंशीच्या दशकात ते करदात्याने सोसले. तिसऱ्या लाटेच्या चढतीत ते ट्रेलरात कुडकुडणाऱ्या मजुराने आणि गाव सोडणाऱ्या वृद्धाने सोसले. तेल काढणाऱ्या कंपनीच्या जमाखर्चात यंत्रे, पाणी, वाळू, रसायने या सर्वांच्या रकमा पडतात. कामगाराच्या बिऱ्हाडाची रक्कम मात्र बहुधा पडत नाही. ती पहिल्या विहिरीच्या परवान्याबरोबरच, सक्तीने, कंपन्यांच्या खात्यावर टाकणे हा शासनाचा धर्म आहे.