गाळा कोणाच्या नावावर घ्यावा?

व्यापारातली शिल्लक गाळ्यात, गोदामात किंवा भाड्याने देण्याजोग्या कचेरीत गुंतवण्याची रीत व्यापारी घराण्यांत जुनी आहे. सौदा ठरतो, बयाणा दिला जातो आणि खरेदीखताच्या आदल्या दिवशी प्रश्न निघतो : नाव कोणाचे घालायचे? एका भावाचे, सर्वांचे, हिंदू अविभक्त कुटुंबाचे की नव्या संस्थेचे? अलीकडे या प्रश्नावर ‘एलएलपी काढा’ असे उत्तर सर्रास दिले जाते. ते कधी योग्य असते, कधी महागात पडते.

एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, २००८ च्या कायद्याने अस्तित्वात आली. तिला किमान दोन भागीदार लागतात. ती कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असल्यामुळे वास्तू तिच्याच नावावर राहते आणि भागीदाराची जबाबदारी त्याने घातलेल्या भांडवलापुरती असते. १९३२ च्या कायद्याखालील पारंपरिक भागीदारीत मात्र पेढीचे देणे भागीदाराच्या राहत्या घरापर्यंत पोहोचते. एलएलपीचा खरा लाभ तो हा. पण चालू व्यापार आणि गाळा एकाच एलएलपीत ठेवले, तर व्यापाराचे देणेकरी त्या गाळ्यावरच येतात. बँकेने कर्जासाठी भागीदारांची वैयक्तिक हमी घेतली, तर त्या कर्जापुरते मर्यादित दायित्व कागदावरच उरते.

कराचा हिशेब २०२५-२६ च्या दरांनी पाहू. एलएलपीच्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. (उत्पन्न १ कोटीच्या वर गेल्यास अधिभार निराळा.) त्यानंतर भागीदाराला मिळणारा नफ्याचा वाटा करमुक्त असतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला सवलतीचा २२ टक्क्यांचा दर निवडता येतो व तो अधिभार-उपकरासह २५.१६८ टक्के होतो. हा आकडा पाहून अनेकजण भुलतात. परंतु २०२० पासून लाभांश भागधारकाच्या हाती पुन्हा करपात्र झाला आहे. दरवर्षी भाडे घरखर्चासाठी काढायचे असेल, तर कंपनी बहुधा परवडत नाही. पैसा आतच ठेवून पुढचा गाळा घ्यायचा असेल, तरच तिचा विचार करावा.

घरमालमत्तेचे उत्पन्न म्हणून भाडे धरले गेले, तर ३० टक्के ठोक वजावट मिळते आणि कर्जावरील व्याजही वजा होते. वर्षाला २० लाख भाडे असेल, तर व्याज व महापालिकेचा कर बाजूला ठेवता, कर १४ लाखांवर लागेल. एलएलपीला तो ४,३६,८०० रुपये पडेल. दोन भावांनी निम्मे-निम्मे नाव घातले आणि दोघेही आधीच ३० टक्क्यांच्या टप्प्यात असले, तरी रक्कम तेवढीच. म्हणजे भाड्यावरचा कर वाचावा म्हणून एलएलपी काढण्यात अर्थ नाही. उलट जीएसटीची २० लाखांची मर्यादा प्रत्येक सहमालकाला स्वतंत्र मिळते, एलएलपीला एकदाच.

विक्रीच्या वेळी अंतर याहून मोठे होते. समजा, एक गाळा २०१०-११ मध्ये ६० लाखांना घेतला व २०२५-२६ मध्ये दीड कोटीला विकला. व्यक्तीला किंवा अविभक्त कुटुंबाला, खरेदी २३ जुलै २०२४ पूर्वीची असल्यास, महागाई निर्देशांक लावून २० टक्के कर भरण्याची मुभा आहे. १६७ आणि ३७६ या निर्देशांकांनी खरेदीची किंमत सुमारे १३५ लाख धरली जाते आणि कर तीन लाखांच्या आत राहतो. हाच गाळा एलएलपीचा असता, तर ९० लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी सव्वाअकरा लाख भरावे लागले असते. (उपकर दोन्हीकडे वेगळा.) शिवाय गाळ्याच्या विक्रीची रक्कम राहत्या घरात गुंतवून, अटी पाळून मिळणारी सवलत व्यक्ती आणि अविभक्त कुटुंबालाच आहे.

म्हणून जुनी मालमत्ता एलएलपीत नेण्याची घाई करू नये. महाराष्ट्रात भांडवल म्हणून स्थावर आणली, तर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते आणि भांडवली नफ्याचा करही त्याच वर्षी उभा राहतो. नवी खरेदी असेल, तीन-चार घरांचा पैसा एकत्र येणार असेल, तर एलएलपी उचित ठरते.

अविभक्त कुटुंबाचा पर्याय जैन घराण्यांनाही खुला आहे व त्याला वेगळे पॅन मिळते. मात्र आयकर खाते ३१ डिसेंबर १९७८ नंतरची अर्धवट वाटणी मानत नाही. आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीही जन्मतः सहदायाद आहेत. ‘बहिणींचे पाहू नंतर’ असे म्हणून गाळा कुटुंबाच्या नावावर घेणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

एलएलपी काढणाऱ्यांनी करारनामा छापील नमुन्यावर उरकू नये. भागीदाराच्या निधनानंतर वारसाला भागीदारी की केवळ रक्कम, बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याचे मोल कोण ठरवणार, गाळा विकायला किती जणांची संमती, हे त्यात स्पष्ट लिहावे. करारनाम्यात वाट्याचा उल्लेखच नसेल, तर कायद्याची पहिली अनुसूची लागू होते आणि तिच्याप्रमाणे भांडवल व नफा सर्वांत सारखा वाटला जातो. मग एका भावाने ७० लाख घातलेले असोत आणि दुसऱ्याने ३०.