कुत्र्या-मांजराचं वैर खरंच जन्मजात असतं का? घरात नवं कुत्र्याचं पिल्लू आणताय, तर आधी हे वाचा

दोन भावंडं भांडायला लागली की घरातली मोठी माणसं म्हणतात, "काय कुत्र्या-मांजरासारखं चाललंय?" दुसरीकडे इन्स्टाग्राम उघडलं की कुत्र्याच्या पोटाशी निवांत झोपलेलं मांजर दिसतं. मग खरं काय? तर दोन्ही. फरक पडतो तो पहिल्या काही आठवड्यांमुळे, आणि नेमके तेच रीलमध्ये दिसत नाहीत.

समजा, घरात तीन महिन्यांची मनी आहे आणि दोन महिन्यांचा लॅब्राडोर मोती नुकताच आलाय. मोती वयानं लहान, पण वजन पाच किलोच्या आसपास. मनी जेमतेम दीड किलोची. मोतीला फक्त खेळायचं असतं, पण त्याच्या एका झेपेत मनीला गंभीर दुखापत होऊ शकते. घाबरलेल्या मनीचा पंजा मोतीच्या डोळ्याला लागू शकतो.

गडबड कुठे होते?

दोघांची भाषा वेगळी आहे. सैल अंगानं शेपूट हलवणारा कुत्रा बहुतेक वेळा खुशीत असतो. शेपूट आपटणारी मांजर मात्र वैतागलेली असते. कुत्रा पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर करतो, तेव्हा तो खेळायला बोलावत असतो. मांजरीला तो हल्ला वाटतो. ती पळते आणि तो मागे धावतो.

वयाचाही भाग आहे. नव्या गोष्टी सहज स्वीकारण्याचा काळ मांजरांत साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत असतो, कुत्र्यांत तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत. म्हणजे मोती आत्ता त्या वयात आहे, मनीचं ते वय सरलंय. त्यामुळे वेळ तिला जास्त लागणार.

मग करायचं काय?

आधी डॉक्टर: मोतीला घरी आणण्याआधीच दोघांचं लसीकरण आणि जंतांचं औषध यांबद्दल विचारून घ्या. पिसवा आणि गजकर्ण एकाकडून दुसऱ्याला होतात. गजकर्ण तर माणसांनाही होतं.

वेगळ्या खोल्या: पहिले काही दिवस भेट नको. मनीचं खाणं, पाणी आणि लिटर बॉक्स एका खोलीत ठेवा. वन बीएचके असेल तर बेडरूम मनीला, हॉल मोतीला.

वासाची ओळख: मांजराच्या गालांजवळ गंधग्रंथी असतात. मनीच्या गालांवरून फिरवलेलं कापड मोतीजवळ ठेवा आणि मोतीच्या अंथरुणाचा तुकडा मनीच्या खोलीत. नंतर बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवण द्या.

छोट्या भेटी: मोती खेळून दमला की त्याला पट्टा लावा आणि पाचच मिनिटं भेट घडवा. मनीला हातात धरू नका, अडकल्यासारखं वाटलं की ती ओरबाडते. तिला कपाटावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर चढता यायला हवं. मोतीनं तिच्यावरून नजर काढली की त्याला खाऊ द्या.

फिसकारलं तर रागावू नका: "लांब राहा" हे सांगायची ती मनीची पद्धत आहे. मोतीला मागे घ्या, तेवढं पुरे.

खाणं वेगळं: मांजराला टॉरिन हा घटक आहारातूनच मिळावा लागतो, त्यामुळे कुत्र्याच्या खाण्यावर तिचं भागत नाही. मोती लिटर बॉक्समध्ये तोंड घालणार हेही गृहीत धरा. बॉक्स त्याच्या आवाक्याबाहेर ठेवा.

कधी थांबायचं नाही?

मनीनं दिवसभर काहीच खाल्लं नाही, किंवा वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर "रुळेल हळूहळू" म्हणत वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लघवी अडकणं मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

काही घरांत दोन आठवड्यांत जमतं, काही घरांत दोन-तीन महिने लागतात. दोघांची गट्टी जमलीच पाहिजे असंही नाही. मोती हॉलमध्ये लोळतोय आणि मनी त्याच्याकडे न बघता शेजारून निघून गेली, की समजायचं, जमलं. तोपर्यंत मात्र दोघांना घरात एकटं सोडू नका.