गल्लीचे खत

उर्दूत 'खत' म्हणजे पत्र. मराठीत मात्र 'खत' शेतात टाकतात! उर्दूत तुम्ही ज्याला 'खाद' म्हणता, तेच हे मराठीतले खत. दुसरा शब्द 'ओला'. उर्दूतले ओले आकाशातून पडतात आणि पिकांची नासाडी करतात. मराठीत त्यांना गारा म्हणतात. मराठीत ओला म्हणजे भिजलेला, गीला. हे दोन्ही शब्द नीट लक्षात ठेवा. ओल्या कचऱ्याचे खत कसे होते आणि शहरातल्या एकाच गल्लीतले शेजारी मिळून ते कसे करतात, हे आज आपण पाहणार आहोत.

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक हे गाव आहे. अशा गावातल्या शेतकऱ्याला भाजीची देठे किंवा कांद्याची पात हा कचरा वाटत नाही. काही गुरांपुढे जाते, उरलेले शेणाबरोबर उकिरड्यावर जाते. उकिरडा म्हणजे शेण आणि केरकचरा साठवण्याची जागा. तिथे ते कुजते आणि पुढे खत होऊन शेतात पडते. शहरातल्या माणसाजवळ ना गुरे, ना शेत. तीच देठे तो पिशवीत बांधतो आणि पालिकेच्या गाडीत टाकतो. गाडी कोठे जाते, याचा विचार फारसे कोणी करीत नाही.

मुंबईत १९२७ सालापासून ही गाडी देवनारला जाऊ लागली. वर्षानुवर्षे कचरा साचून तिथे डोंगर उभे राहिले. त्यांच्या पायथ्याशी माणसांची दाट वस्ती आहे, मुलांच्या शाळा आहेत. त्यांत उर्दू शाळाही आहेत. जानेवारी २०१६ मध्ये या कचऱ्याला मोठी आग लागली. धूर कित्येक दिवस शहरावर पसरला होता. त्या भागातल्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. कचऱ्याला एवढी आग का लागते? उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. हवेवाचून ओला कचरा सडतो, तेव्हा मिथेन नावाचा वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. वर प्लॅस्टिक, कागद, चिंध्या असतातच. म्हणजे आपल्या घरातली केळीची साल दुसऱ्याच्या मुलाच्या छातीत धूर होऊन जाते. ही गोष्ट मला आगीपेक्षाही मोठी वाटते.

तीच साल हवा मिळेल अशा उथळ खड्ड्यात कुजली, तर मिथेन जवळजवळ होत नाही. हे काम डोळ्यांना न दिसणारे जीवाणू आणि बुरशी करतात. त्यांना चार गोष्टी लागतात: ओला पदार्थ, सुका पदार्थ, हवा आणि बेताचे पाणी. एक टोपली भाजीपाल्याच्या कचऱ्यावर दोन टोपल्या सुकी पाने पसरावीत. मूठभर मिश्रण घेऊन दाबावे. हाताला ओल लागली, पण पाणी टपकले नाही, तर ठीक. मोठा ढीग चांगला जमला की आतून तापतो. पन्नास-साठ अंश सेल्सिअसपर्यंतही जातो. घाबरू नका, ते जीवाणूंच्या कामाचे लक्षण आहे. आठवड्यातून एकदा ढीग वरखाली करावा. दुर्गंधी येऊ लागली, तर पाणी जास्त झाले किंवा हवा कमी पडली असे समजावे आणि आणखी सुकी पाने घालावीत. गांडुळे सोडायची असतील, तर कचरा अर्धा कुजून थंड झाल्यावरच सोडावीत. उष्णता, मीठ आणि लिंबाच्या साली त्यांना सोसत नाहीत.

हे शास्त्र एका तासात शिकता येते. कठीण भाग पुढेच आहे. तो म्हणजे शेजारी!

मुंबईत घाटकोपर पूर्वेला जोशी लेन नावाची गल्ली आहे. १९९६-९७ च्या सुमारास तिथल्या रहिवाशांनी महानगरपालिकेच्या साहाय्याने आपल्या गल्लीची स्वच्छता स्वतःच्या हाती घेतली. हा प्रयोग पाहून पालिकेने १९९७ मध्ये 'प्रगत परिसर व्यवस्थापन' ही योजना सुरू केली. साधारण हजार लोकवस्तीच्या एका गल्लीने किंवा परिसराने आपली समिती नेमायची, घराघरात ओला आणि सुका कचरा वेगळा करायचा आणि पालिकेच्या विभाग कार्यालयाने तिला मदत करायची, अशी ती कल्पना होती. मुंबईत अशा शेकडो समित्या झाल्या. कित्येक ठिकाणी गांडूळखताचे खड्डे खणले गेले, रस्त्याच्या कडेला झाडे लागली. पुढे त्यांतल्या पुष्कळ समित्या थंडावल्या. कचरा वेगळा करण्याविषयी सरकारने २००० साली आणि पुन्हा २०१६ साली नियमही केले. पण खड्डा कायद्याने चालत नाही.

खड्डा कोणाच्या खिडकीखाली करायचा? ढीग वरखाली कोण करणार? वीस घरांनी नीट निवडलेला कचरा दिला आणि एकविसाव्या घराने त्यात दाढीचे पाते टाकले, तर हात कोणाचा कापणार? सुरुवातीला खड्ड्यात पांढरट अळ्या दिसतात आणि वरच्या मजल्यावरून आरडाओरड होते. (मराठीत 'आळी' म्हणजे गल्ली, 'आळे' म्हणजे झाडाभोवतीचा खळगा आणि 'अळी' म्हणजे किडा. लिहिताना जपा.) खरे तर यांतल्या बहुतेक अळ्या कचराच खातात, वर पानांचा थर घातला की दिसेनाशा होतात. हाडे, मटणाचे तुकडे आणि माशांचे काटे मात्र गल्लीच्या खड्ड्यात टाकू नयेत. त्यांच्या वासाने उंदीर आणि कुत्री येतात आणि मग शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर ठरते. रमजानमध्ये इफ्तारनंतर टरबुजाच्या आणि केळीच्या सालींचा ढीग पडतो. त्या दिवसांसाठी सुकी पाने आधीच पोत्यांत भरून ठेवावी लागतात.

ही पाने शहरात मिळतात. पानगळीत रस्त्यावर त्यांचा खच पडतो, आणि लोक ती जाळून टाकतात. पुण्यात २०१६ साली 'ब्राउन लीफ' नावाचा उपक्रम सुरू झाला. ज्याच्याकडे पाने जास्त आहेत त्याने ती जाळू नयेत, ज्याला हवी आहेत त्याला द्यावीत, एवढीच ती साधी योजना. पुण्यातच 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद घरोघर जाऊन कचरा घेतात आणि काही सोसायट्यांचे खतखड्डेही सांभाळतात. ओला कचरा वेगळा निघाला की सुका कोरडा राहतो, त्याला भाव चांगला येतो आणि या बायकांना कुजक्या घाणीत हात घालावा लागत नाही.

खत तयार झाले, पण जमीन कोठे आहे? कोल्हापूरचे गणिताचे शिक्षक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि थोड्या जागेत, पालापाचोळ्याच्या मातीत भरपूर पिकवता येते, हे लोकांना दाखवले. त्यांची पद्धत वापरून मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून बाग फुलवली. त्या स्वयंपाकघरातला कचराच तिथली माती झाला. गल्लीतही जुने पिंप, फुटकी बादली, सिमेंटचे रिकामे पोते चालते. तळाला भोके पाडावीत. पुदिना, कढीपत्ता, मिरची, अळू, गवती चहा यांना खोल माती लागत नाही. रस्त्याच्या झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंट ओतलेले असेल, तर आधी पालिकेकडे अर्ज करून आळे मोकळे करून घ्यावे.

खत दोन-तीन महिन्यांत होते. ढीग खूप खाली बसतो, तेव्हा पहिल्या खेपेला लोकांचा हिरमोड होतो. दहा टोपल्यांतून दोन-तीनच हाती येतात. तयार खत काळसर, भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. खात्री नसेल तर ते कुंडीतल्या मातीत थोडे मिसळून त्यात दहा मूग पेरा. सात-आठ उगवले तर खत वाटायला हरकत नाही. पहिली टोपली मात्र ज्याच्या खिडकीखाली खड्डा आहे, त्याच्या घरी द्या.