औषधाला लागणारे ऊन

वैशाखात शिरड शहापूरला व्याख्यान ठेवायचे आणि विषय उष्णतेचा घ्यायचा, यात श्रोत्यांची थट्टा करण्याचा हेतू नाही. या दिवसांत आपल्याकडे पारा चाळीस अंश ओलांडतो. माणूस सावलीला बसतो, जनावर झाडाखाली उभे राहते. पण दवाखान्याच्या कपाटात काचेची एक लहानशी कुपी असते. तिला ऊन लागले तर ती बोलत नाही, आणि ते आपल्याला कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. त्या कुपीविषयी आज बोलायचे आहे.

हळदीच्या, कापसाच्या, सोयाबीनच्या रानात वावरणाऱ्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार नावे शिकवावी लागत नाहीत. या चारही विषांवर चालणारे प्रतिविष आपल्या देशात घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. विषाच्या अगदी अल्प मात्रा घोड्याला हळूहळू वाढवत टोचतात. त्याचे शरीर त्या विषाला धरून निकामी करणारी प्रथिने निर्माण करते. यांनाच प्रतिपिंडे म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वात यांच्या बाबतीत ती सिद्ध केली, आणि १८९४ साली फ्रान्समध्ये काल्मेत यांनी ती सर्पविषाला लावून दाखविली. आपल्या महाराष्ट्रात हे काम परळच्या हाफकिन संस्थेने केले. प्लेगच्या लशीसाठी निघालेली ती प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. औषधनिर्मितीचा भाग पुढे स्वतंत्र महामंडळाकडे आला.

आता प्रश्न असा की, या प्रथिनाला उष्णतेचे एवढे भय का? प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी. ती विशिष्ट रीतीने दुमडलेली असते, आणि विषाला पकडण्याची सारी शक्ती त्या दुमडण्यात आहे. उष्णतेने घड्या सैल होतात, आतले चिकट भाग बाहेर येतात, शेजारच्या साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि गोळे बनतात. अंडे उकडले म्हणजे पांढरा बलक घट्ट होतो, तो याच प्रकारे. उकडलेले अंडे थंड केले तरी पुन्हा कच्चे होत नाही. त्याचप्रमाणे उन्हाने बिघडलेले औषध नंतर शीतपेटीत ठेवून सुधारत नाही.

यात मौजेची गोष्ट अशी की, प्रतिविष तयार करताना उष्णतेचाच उपयोग करण्याची एक जुनी रीत आहे. घोड्याचे रक्तद्रव्य पेप्सिन या पाचक द्रव्याने तोडतात आणि सुमारे ५६ अंशांपर्यंत तापवितात. नको असलेली पुष्कळशी प्रथिने गोठून खाली बसतात, आणि विष धरणारा तुकडा द्रवात शाबूत राहतो. म्हणजे हा तुकडा थोडा वेळ चांगलाच तग धरतो. पण तासभर तग धरणे निराळे, आणि दोन वर्षे कपाटात टिकणे निराळे.

टिकाऊपणाची परीक्षा कशी घेतात? कुप्यांचे गट करून काही थंड जागी, काही २५ अंशांत, तर काही ४० अंशांत ठेवतात, आणि ठराविक महिन्यांनी काढून पाहतात. द्रव गढूळ झाला आहे का? डोळ्यांना न दिसणारे गोळे झाले आहेत का? शेवटी सर्वांत महत्त्वाचे, शक्ती किती उरली? यासाठी विष व प्रतिविष एकत्र करून ३७ अंशांत अर्धा तास ठेवतात आणि उंदरांना टोचून किती वाचले ते मोजतात. आपल्याकडील प्रतिविषाच्या एका मिलिलिटरने नागाचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हावे, अशी अट आहे.

येथे एक सावधगिरी हवी. उकळत्या पाण्यात अंडे दहा मिनिटांत शिजते, म्हणून चाळीस अंशांत ते शंभर मिनिटांत शिजेल, असे त्रैराशिक मांडता येत नाही. ४० अंशांतील सहा महिन्यांवरून थंड जागेतील पाच वर्षांचा नुसता हिशेब करून चालत नाही. प्रत्यक्ष तेवढी वर्षे कुप्या ठेवून पाहाव्याच लागतात.

मग सुधारणा कोणती? सर्वांत जुना उपाय म्हणजे पाणी काढून टाकणे. द्रव गोठवून निर्वातात ठेवला म्हणजे बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडतो. कपाटातली डांबराची गोळी अशीच विरते. मागे कोरडी, सच्छिद्र वडी उरते. द्रवरूप प्रतिविष २ ते ८ अंशांत ठेवून साधारण दोन वर्षे टिकते. कोरडे मात्र साध्या थंड जागी पाच वर्षांपर्यंत टिकू शकते. जेथे वीज जाते, तेथे हा फरक जीवन-मरणाचा आहे.

प्रथिनांची औषधे वाळविताना पुष्कळदा साखरही घालतात. ती प्रथिनाभोवती काचेसारखी कडक होऊन त्याला हलू देत नाही. चिक्कीचा पाक कडक असतो, पण पावसाळ्यात उघडी ठेवली की चिक्की लिबलिबीत होते. तसेच कुपीत थोडा ओलावा राहिला की ती काच मऊ होते आणि संरक्षण जाते. म्हणून झाकण आणि कोरडेपणा यांना इतके महत्त्व.

१९७५ साली कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे पेशींकडून करवून घेण्याची युक्ती शोधली. आज कर्करोगापासून रेबीजपर्यंत अशी औषधे आहेत, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही रेबीजसाठी असे औषध काढले आहे. यांची परीक्षा अधिक बारीक होते. द्रव सावकाश तापवीत नेऊन कोणत्या अंशाला घडी सुटते ते यंत्र टिपते. पुष्कळांत पहिला भाग सत्तरच्या आसपास सुटतो. मग द्रवाची आम्लता जुळवितात, साखर घालतात, आणि हलविल्याने फेसाच्या कडेला प्रथिन फाटू नये म्हणून साबणासारखे एक सौम्य द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळतात. कधी साखळीतला एखादा दुवाच बदलून घडी पक्की करतात.

आता हे सारे आपल्याला का सांगायचे? विषबाधेची लक्षणे दिसली म्हणजे आरंभीच आठ-दहा कुप्या द्याव्या लागतात. त्यांची शक्ती उन्हाने निम्मी झाली असेल, तर डॉक्टरांच्या हिशेबी दहा आणि रोग्याच्या वाट्याला पाच! गढूळ झालेली कुपी ओळखता येते, पण शक्ती गेलेली प्रत्येक कुपी गढूळ दिसतेच असे नाही. म्हणून वेष्टनावरची सूचना पाळायची. द्रवरूप औषध बर्फाच्या कप्प्यात गोठवायचे नाही, कारण गोठण्यानेही घडी मोडते. कोरडी वडी विरघळविताना कुपी ताक घुसळल्यासारखी हलवायची नाही, हलकेच फिरवायची.

आपण गावकऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे का, शीतपेटी चालू आहे का आणि वीज गेल्यावर काय व्यवस्था आहे, हे पावसाळ्यापूर्वी विचारावे. हे दोष काढणे नव्हे, विहिरीला पाणी किती आहे हे पाहण्यासारखेच आहे. आणि साप चावल्यावर मंत्र, दोरी, ब्लेड यांत घटका न दवडता रोग्याला थेट दवाखान्यात न्यावे. शास्त्रज्ञांनी औषधाचे आयुष्य दोन वर्षांचे पाच केले, पण आपण पारावर घालविलेला एक तास त्यांना कोणत्याही प्रयोगशाळेत परत आणता येणार नाही.