पोटावरची चकती

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी दोनच गोष्टी विचारतो : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे, आणि राधानगरीची किती दारं उघडली? उघडायला तिथं कुणी जात नाही. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरल्या पातळीवर चढलं की त्याच्याच दाबानं दार उघडतं, उतरलं की मिटतं.

हीच युक्ती थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये काय किंवा शहरातल्या कुठल्याही नवजात कक्षात काय, वॉर्मरखालच्या दीड किलोच्या बाळाच्या पोटावर चिकटवलेली असते.

तान्ह्याला कुडकुडता येत नाही. खांद्यांच्या मधे आणि मूत्रपिंडांभोवती साठलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब करतं. दिवस भरायच्या आत आलेल्याकडे ही शिदोरी जेमतेम. त्यात कातडी पातळ आणि वजनाच्या मानानं अंग जास्त उघडं. मेंदूला थंडी कळते, पण हुकूम सोडायचा कुणाला? मग डोक्यावरचा हीटर ते काम करतो.

बाळाच्या पोटावरची ती चकती चकचकीत असते, म्हणजे हीटरचे किरण परतवते आणि खालचा सेन्सर फक्त कातडीचं तापमान सांगतो. यंत्रावर ३६.५ अंश लावलेले असतात. इस्त्री टक् करून एकतर पूर्ण तापते नाहीतर बंद पडते. वॉर्मरचं तसं नाही. जेवढा फरक तेवढी आच. ३५.५ ला जोरात, ३६.३ ला मंद. कातडी तापायला वेळ लागतो, म्हणून दूध उतू जायच्या आधीच गॅस बारीक करावा तसं यंत्र आधीच हात आखडतं.

शरीर आणि यंत्र या दोघांचं गणित एकच, हे नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये ‘सायबरनेटिक्स’ या पुस्तकात मांडलं. मला मात्र राधानगरीचं दार जास्त भरवशाचं वाटतं. तिथं पाणी स्वतःच दार ढकलतं, मधे निरोप्या नाही. वॉर्मरचा सगळा विश्वास निरोप्यावर. चकती सुटून बाजूला पडली की ती हवेचं तापमान सांगते. यंत्राला वाटतं बाळ गारठलंय, आणि ते आच वाढवत नेतं. उलट चकती बाळाच्या अंगाखाली दबली तर गरम दाखवते, आणि बाळ मुकाट्यानं थंड पडत जातं. दोन्ही वेळा यंत्र आपल्या परीनं चोखच काम करत असतं! हातानं आच लावायचीही सोय आहे, पण मग ते दर पंधरा मिनिटांनी ओरडतं : कुणीतरी येऊन बघा.

बघायला सिस्टर येतात.

“आज्जी, हात आडवा नको. वरची ऊब अडते की.”

आज्जी हात काढतात. सिस्टर बाळाच्या काखेत थर्मामीटर धरतात, आकडा पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघतात, अंगठ्यानं चकतीची सुटलेली कड दाबतात आणि शेजारच्या बाळाकडे वळतात.