गाडी जाण्यापूर्वी तिचा एक चांगला फोटो

आपल्या लोकांत, लोद असो की दिमोना, एक गोष्ट आता घराघरांत होते. आजोबांचे डोळे अधू होतात, मुले म्हणतात, "पप्पा, आता पुरे, किल्ली द्या," आणि वीस वर्षे दारात उभी असलेली गाडी विकली जाते. ती जाताना कोणीतरी घाईघाईने मोबाईलवर फोटो काढतो. मग पाहावे तर काय? बोनेट फुगलेले, मागे कचऱ्याचा हिरवा डबा आणि दरवाजावर फोटो काढणाऱ्याचेच प्रतिबिंब! ज्या गाडीतून मुलांना शाळेत सोडले, अश्दोदच्या लग्नांना गेलो, तिची आठवण अशी राहते. खरे तर अर्धा तास दिला तर चांगला फोटो निघतो. महागडा कॅमेरा लागत नाही. एक आजी किंवा आजोबा आणि एक नातवंड, एवढी मंडळी पुरे.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही की गाडी म्हणजे चाकांवरचा आरसा. माणसाचा फोटो काढताना आपण चेहऱ्यावर उजेड कुठून पडतो ते पाहतो. गाडीच्या बाबतीत तिच्या पत्र्यात काय दिसते ते पाहावे. झाड, विजेचा खांब, समोरची इमारत, तुमचा पिवळा शर्ट, सगळे त्यात येते. म्हणून काळसर कपडे घालावे आणि गाडी अशी उभी करावी की तिच्या अंगात मोकळे आकाश दिसेल. रिकामे मैदान किंवा शाळेबाहेरची मोकळी पार्किंगची जागा उत्तम.

आता वेळ. इस्राएलचे दुपारचे ऊन फोटोचा दुष्मन आहे. टपावर नुसता पांढरा डाग येतो आणि चाके काळोखात जातात. सूर्य मावळायच्या अगोदरचा अर्धा-पाऊण तास धरा. जून महिन्यात सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात साडेचारच्या थोडे पुढे, तेव्हा हिवाळ्यात लवकर निघावे लागते. शुक्रवारी तर हीच वेळ दिवे लावायची, म्हणून तो दिवस सोडाच. रविवार ते गुरुवार कधीही जमेल. सूर्य गेल्यावर दहा-पंधरा मिनिटे आकाश उजळ राहते, तेव्हाचा उजेड आम्हाला सगळ्यांत आवडतो. पश्चिमेचे उजळ आकाश गाडीच्या कुशीवर पडले की तिचा सारा घाट एका लांब रेघेत दिसतो. त्या वेळी दिवे लावून एक फोटो जरूर घ्या, मुलांना तो हमखास आवडतो.

बाजूने येणाऱ्या तिरप्या उजेडाचे काम आपल्या वडीलधाऱ्यांना वेगळ्या रीतीने माहीत आहे. अलिबागजवळ खंडाळे गावी ज्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापेची खूण दाखवतात, तिथे जाऊन आलेले पुष्कळ जण असतील. दगडातल्या अशा खुणा डोक्यावरच्या उन्हात सपाट होतात, आणि ऊन कलले की उठून दिसतात. गाडीचेही तसेच. तिरप्या उजेडात तिचा बाक दिसतो, पण पोचाही दिसतो. तो पोचा ठेवायचा की लपवायचा हे आजोबांना विचारा. आम्ही तर ठेवू! त्या पोच्याची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत असते.

आता उभे कुठे राहायचे? आपण उभे राहून डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढतो, म्हणून गाडी ठेंगणी आणि दबलेली दिसते. कॅमेरा हेडलाईटच्या उंचीला आणला पाहिजे. आजोबांनी गुडघे टेकायची गरज नाही, प्लास्टिकचे बुटके स्टूल घेऊन बसावे. लहान मुलांना मात्र ही उंची देवाने आयतीच दिली आहे. सात वर्षांच्या मुलीने फोन छातीशी धरला की काम झाले. म्हणून मुलांनो, या बाबतीत तुम्ही मोठ्यांच्या पुढे आहात.

दुसरे म्हणजे, गाडीच्या अगदी जवळ जाऊ नका. मोबाईलची नेहमीची भिंग जवळून धरली की पुढचा भाग मोठा होतो आणि मागचा लहान. बोनेट फुगते ते यानेच. दहा-बारा पावले मागे जा आणि मग दुप्पट झूम करा. गाडी समोरून थोडी तिरपी घ्या, म्हणजे तोंडही दिसेल आणि एक बाजूही. स्टिअरिंग कॅमेऱ्याच्या उलट दिशेला वळवा, मग टायरची नक्षी न दिसता चाकाचा चेहरा आपल्याकडे येतो. ही छोटी युक्ती केली की फोटोत लगेच फरक कळतो. बटण दाबण्यापूर्वी टपाच्या मागे पाहा. तिथून खांब उगवलेला असला तर दोन पावले सरका.

पांढऱ्या गाड्या इथे फार. कॅमेरा त्यांना राखाडी करून टाकतो, कारण खूप उजेड पाहून तो फोटो काळसर करतो. मोबाईलच्या पडद्यावर गाडीला बोट लावा आणि उजेड थोडा वाढवा. काळी गाडी असली तर उलट करा, थोडा कमी करा.

काचेत आकाश चमकून आतले काही दिसत नसेल तर आजीचा उन्हाचा चष्मा मागून घ्या. पण तो पोलराईज्ड हवा. कसे ओळखावे? चष्म्यातून मोबाईलच्या पडद्याकडे पाहत चष्मा हळूहळू फिरवा. पडदा काळा पडला तर चष्मा कामाचा. तो भिंगापुढे धरून फिरवला की काचेवरची चमक पुष्कळ कमी होते, रंगावरचीही होते. क्रोमच्या बंपरवर मात्र याचा काही उपयोग नाही, कारण उघड्या धातूची चमक त्याला ऐकत नाही.

आधी गाडी धुवून, पुसून घ्या. हमसीनची धूळ डोळ्यांना दिसत नाही, फोटोत दिसते. तिच्याबरोबर भिंगही पुसा! अर्धे फोटो बोटांच्या डागांनीच बिघडतात.

आतले फोटो विसरू नका. झिजलेले स्टिअरिंग, किलोमीटरचा आकडा, आरशाला टांगलेली तफिलात हदेरेख, मागच्या सीटवर पडलेला आईस्क्रीमचा डाग. यासाठी दारे उघडा आणि फ्लॅश बंद ठेवा. शेवटी आजोबांना चालकाच्या जागी बसवून, खिडकीतून, हात स्टिअरिंगवर असा एक फोटो घ्या. त्यांना हसायला सांगू नका. ही गाडी प्रथम कुठे चालवली ते विचारा, आणि ते बोलत असताना काढा.

मग त्यांना आणखी गाड्या आठवतील. १९६०च्या दशकात इथे असलेल्यांना हैफाची सुसिता आठवेल. तिचे अंग फायबरग्लासचे, म्हणून उंट ती खातात अशी थट्टा होती. मुंबईत राहिलेल्यांना काळी-पिवळी पद्मिनी आठवेल. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. मुलांनो, हे सगळे ऐकताना फोनमध्ये आवाज टिपून ठेवा.

चालती गाडी टिपायची हौस असली तर प्रथम भावाच्या सायकलवर सराव करा. फुटपाथवर उभे राहून, सायकलबरोबर अंग वळवत बटण दाबायचे. रस्त्यावर उतरायचे नाही, आणि सोबत मोठे माणूस हवेच.

एवढे फोटो झाले की त्यातले तीन निवडून कागदावर छापून घ्या. मागे पेन्सिलीने तारीख, गाव आणि किलोमीटरचा आकडा लिहा, मराठीत आणि हिब्रूत. कोणाला फोटो पाठवायचा असेल तर नंबरप्लेट झाका, घरच्या प्रतीत मात्र ती तशीच राहू द्या. घरात तो नंबर पाठ असलेले कोणीतरी असतेच.